कचरा कमी पडतोय

४ ऑगस्ट

चिमणे,

प्रिय वगैरे लिहायची पद्धत असते, मला माहीत आहे. लिहीत नाही. आई गेल्यावर तू जी पाठ फिरवलीस ती फिरवलीसच. "बस मग कोंबड्यांत," म्हणालीस जाताना. बसलेय. त्यांच्याच कामासाठी लिहितेय. माझं तुझ्याकडे काही काम नाही. घरचा पत्ता तू कधी दिला नाहीस म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. तो तुमच्या यंत्रावरच छापलाय, आंधळ्यालाही दिसेल एवढ्या अक्षरांत.

हो, यंत्र. तुमच्या ऑफिसने आमच्या वस्तीला 'शून्य कचरा'साठी पाठवलेलं, ओल्या कचऱ्याचं खत करणारं. शाळेच्या बाजूच्या खोलीत बसवलंय. आधी तिथे मोडके बाक असायचे. आता खाली फरशी, भिंतीवर हिरवी पानं रंगवलेली, आणि वर पंखा. शाळेतली पोरं घामाने निथळतात आणि यंत्राला पंखा! म्हणून सगळे त्याला जावई म्हणतात. "जावई उठले का," "जावई जेवले का," असं चालतं. मीच नाव ठेवलंय, पण ते जाऊ दे.

माझं खुराडं शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आहे, हे तुला माहीत नसणार, तू आलीस कुठे इकडे कधी. रोज दुपारी पोरांची जेवणं झाली की ताटातलं खरकटं, तळाला उरलेला भात, भाजीची सालं, देठं, सगळं एका बादलीत जातं. शाळेतली स्वयंपाकीण भिंतीवरून ओरडते, "ए कोंबडीवाले, ने गं तुझं!" की मी जाते. कोंबड्या खातात, अंडी देतात. अंडी शाळेत जातात, शेजारीपाजारी जातात. शेजारून पालेभाजी येते. खुराड्यातलं खत शाळेच्या वाफ्यात पडतं, त्या वाफ्यातले भोपळे पुन्हा त्याच स्वयंपाकिणीच्या सुरीखाली. वर्षानुवर्षं चाललंय. कुणी शिकवायला आलं नाही, कुणी भिंतीवर पानं काढली नाहीत.

आता तुमचा नियम. वस्तीतला ओला कचरा सगळाच्या सगळा यंत्रात गेला पाहिजे. म्हणजे बादली जावयाला, आणि माझ्या कोंबड्या भिंतीकडे तोंड करून उभ्या. दुपारची वेळ त्यांना कळते गं. सगळ्या एका रांगेत येऊन उभ्या राहतात आणि माझ्याकडे अशा बघतात की मीच खाल्लं सगळं.

मला एक सांग, खरकटं हा कचरा कधीपासून झाला? कचरा म्हणजे जे कुणालाच नको ते. हे तर माझ्या दारात मागायला उभं आहे.

तुझ्याकडून एक ओळ पाहिजे. शिक्का मारून. 'कोंबड्यांच्या पोटात जाईल ते कचऱ्यात धरू नये.' बास. ती ओळ नाही आली तर मला पोत्यातलं खाद्य आणावं लागेल, जे कुठून कुठून ट्रकने येतं आणि मला झेपणारं नाही, आणि मग कोंबड्या विकाव्या लागतील. विकणार नाही. सांगून ठेवते.

आम्ही बरे आहोत. तू कशी आहेस ते विचारत नाही.

ताई


१९ ऑगस्ट

चिमणे,

महोदया?

मी महोदया? जिच्या वेण्या मी घालून दिल्या, जिचं नाक मी माझ्या पदराने पुसलं, ती मला छापील कागदावर लिहिते, "महोदया, पत्र मिळाले. नियमाप्रमाणे कार्यवाही होईल." तुझ्या भावोजींनी वाचून दाखवलं, मला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचं आलं. मग खाली कोपऱ्यात तुझं अक्षर दिसलं. काय तर नुसता घराचा पत्ता. बाकी शब्द नाही. कळलं मला. ऑफिसात ताईचं पत्र आलेलं, त्यातला कोंबड्यांचा विषय, लाज वाटली असेल. ठीक आहे. आता घरी पाठवतेय, दार लावून वाच.

इकडे काय चाललंय ते ऐक. तुमच्या जावयाला आत एक रेघ आहे. त्या रेघेपर्यंत भरलं नाही तर तो चालूच होत नाही, लाल दिवा लागतो. आणि रोज हिरव्या दिव्याचा फोटो तुमच्या ऑफिसला गेला नाही तर 'शून्य कचरा वस्ती'चं सर्टिफिकेट मिळत नाही. आता ही वस्ती केवढी! शाळा, दुकानांची एक ओळ आणि मागे घरं. लोक देठसुद्धा टाकत नाहीत. रेघ भरते कशाने? तर शिंपी, तोच आमच्या समितीचा अध्यक्ष आहे, दारोदार कचरा मागत फिरतोय. गळ्यात कापडी पिशवी, हातात डबा.

आमच्या शेजारी रिटायर पोस्टमनकाका राहतात. त्यांच्या दारात मी माझ्या कानांनी ऐकलं.

"काका, काही ओलं आहे का?"

"डोळे," काका म्हणाले. "कालपासून पाणी येतंय."

"चेष्टा नको काका. सालं, देठं, काहीही."

"सालं मी वाफ्यात पुरतो. देठं भाजीत चिरतो. चहाची पत्ती गुलाबाला जाते. नखं देऊ? परवाच वाढलीत."

"वस्तीच्या नावाचा प्रश्न आहे! कचरा कमी पडतोय!"

कचरा कमी पडतोय म्हणून रडणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. आणि हा कोण? हातभर चिंधी वाया घालवत नाही हा. माझ्या परकराच्या उरलेल्या कापडाच्या त्याने स्वतःच्या पोरीला टोप्या शिवल्यात, मला काय दिसत नाही?

आता लोक बटाटे सोलताना अर्धा बटाटा सालाबरोबर काढतात. शिंप्याच्या बायकोने कोवळ्या काकड्या घातल्या यंत्रात. बरं, अख्ख्या नाही, चिरून! वर मीठ भुरभुरायचं तेवढं राहिलं. आणि शाळेत तर स्वयंपाकिणीला सांगून ठेवलंय की भात जरा जास्त लावत जा. कशाला? उरायला. उरायला शिजवतात गं इथे आता! तुमचं शून्य हे असं आहे.

मग मी गेले आणि माझी बादली उचलून आणली. सरळ दुपारी, सगळ्यांसमोर. शिंपी धावत आला.

"वहिनी, ठेवा ती. तो कचरा वस्तीच्या मालकीचा आहे."

"असं का? मग माझ्या दारातला पालापाचोळाही वस्तीच्या मालकीचा. या उद्या झाडायला."

"ही चोरी होते वहिनी."

"मग बोलवा कुणाला बोलवायचं ते. काय सांगाल, बाईने उष्टं पळवलं?"

त्याने बादली धरली. मी सोडली नाही. कडी उपटून हातात आली. मी पडले नाही. तोच पडला. अक्षर तिरपं दिसत असेल, कारण डाव्या हाताने लिहितेय, आणि डाव्या हाताने का लिहितेय ते तुला काय करायचंय. सूज उतरली की उजवा आहेच.

आता शाळेची पोरं मला बघून "कचराचोर, कचराचोर" करतात. माझीच अंडी खाऊन आवाज फुटलेत त्यांना.

ती एक ओळ अजून आली नाही. नियमाप्रमाणे कार्यवाही कधी होते गं, आम्ही मेल्यावर?

ताई


२ सप्टेंबर

चिमणे,

दोन पत्रांना धड उत्तर नाही. बरं. मी काही उत्तरासाठी लिहीत नाही.

कोंबड्या अंडी देईनात. देतील कशा? अंगणातलं गवत आणि पोस्टमनकाका चोरून देतात ती वाटीभर सालं, यावर कोंबडी जगते, अंडं देत नाही. स्वयंपाकिणीला तर शिंप्याने तंबीच दिलीय. ती भिंतीवरून माझ्याकडे बघते आणि मान खाली घालते. मैत्रीण आहे माझी, पण नोकरी आहे तिला. मी तिला काही बोलले नाही. फार बोलले नाही.

तुझ्या भावोजींनी मला न विचारता व्यापारी बोलावला. सगळ्या एकरकमी घेतो म्हणाला. खुराड्यात वाकून हाताने चाचपून बघत होता, ही म्हातारी, ही रोडकी, असं. मी त्याला म्हटलं, "तुम्हाला चाचपून सांगू का किती रोडके आहात?" गेला. पण भावोजी मागे जाऊन त्याच्याशी ठरवून आले. पुढच्या आठवड्यात शनिवारी येणार न्यायला. मी काय उपाशी मारू का त्यांना, असं मलाच विचारतात. मी भांडी आपटली, झालं.

त्याच्या आधी, बुधवारी, तुमच्या ऑफिसचं कोणीतरी तपासायला येणार आहे. आणि तपासणीच्या दिवशी रेघ भरलेली दिसावी म्हणून समितीने काय केलंय माहीत आहे? कोबी मागवलाय. बाहेरून. पोतीच्या पोती. ट्रकने. पांढराशुभ्र, घट्ट, पाहुण्यांच्या पंगतीत वाढावा असा कोबी. यंत्रात घालायला! जी वस्ती स्वतःच्या मातीत पिकवून खाते, तिने दूरवरून कोबी आणायचा, तोही कचरा व्हावा म्हणून. मी मीटिंगमध्ये उभी राहून विचारलं, "याला काय म्हणतात?" शिंपी म्हणाला, "नियोजन."

जो कोणी बुधवारी येईल त्याला तू तिथूनच सांग. नाहीतर मी सांगेन, आणि माझं सांगणं तुला माहीत आहे.

ताई


८ सप्टेंबर, बुधवार

काय गं, तूच?

गाडीचं दार उघडलं आणि तू उतरलीस. केस कापलेस. गळ्यात ते कार्ड. मला वाटलं उन्हाने काहीतरी दिसतंय मला. तुझे भावोजी माझ्या कानाशी आले, त्यांना म्हटलं, तोंडातून ब्र काढलात तर बघा. इथे कुणाला माहीत नाही मला बहीण आहे म्हणून, आणि ती अशी आहे म्हणून तर नाहीच नाही.

मी भिंतीमागे होते तेव्हा सगळं ऐकत होते. शिंपी गुच्छ देतोय, "मॅडम, इकडून, मॅडम, सावकाश." झाकण उघडून दाखवतोय. "सगळं इथलंच मॅडम, रोजचा कचरा." आणि तू वाकून बघतेस त्या कोबीकडे. एक शब्द नाही. मी वाट बघत होते. हिला दिसतंय की नाही? लहानपणी अळीचं भोक बघून सांगायची कुठल्या वाफ्यातलं पान आहे ते!

पुढचं घडलं त्यात माझा काही हात नाही. खुराड्याची कडी जुनी आहे. निघते कधी कधी.

उपाशी कोंबड्यांना काय सांगायचं? कोबीचा वास लागला आणि सगळ्या एकदम सुटल्या. भिंतीवरून, फाटकातून, शिंप्याच्या पायांमधून. रंगवलेल्या पानांना आधी चोची मारल्या, मग खऱ्या पानांवर तुटून पडल्या. झाकण उघडं, सगळ्या आत. पंख फडफडतायत, कोबी उडतोय, शिंपी गुच्छाने हाकलतोय, आणि रेघ चाललीय खाली. आणि मग जावयाचा लाल दिवा लागला. एकट्या कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

तू विचारलंस, "या कोणाच्या?"

मी पुढे झाले. "माझ्या."

आणि तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणालीस, "आपण यांना काय खायला घालता?"

आपण! मला आपण! तुझ्या त्या छापील महोदयापेक्षा हे वाईट होतं, कारण हे तोंडातून आलं. मी म्हटलं, "काही नाही घालत. तुमचं ऑफिस घालू देत नाही." तू वहीत लिहिलंस. कमरेवर हात ठेवून उभी होतीस, आणि मीही तशीच उभी होते, आणि त्या शिंप्याची नजर बघ कशी, तुझ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तुझ्याकडे.

"मॅडम," तो म्हणाला, "या तुमच्या कोणी लागतात का? नाही म्हणजे, नाकावरून वाटलं जरा..."

"नाही," तू म्हणालीस. "माझा यांचा काही संबंध नाही."

सगळ्यांसमोर. घसा खाकरायलाही थांबली नाहीस.

मग म्हणालीस, खुराडं बघायचंय. बाकीचे वासाने लांब उभे राहिले. तू आत वाकलीस, मी तुझ्या मागे. आणि वाकलेली असतानाच, माझ्याकडे न बघता, हळू म्हणालीस, "ताई, लहानपणी आपण खरकटं कुठे टाकायचो गं?"

मी म्हटलं, "उरायचं कधी?"

तू त्यांच्या रिकाम्या भांड्यात बोट फिरवून बघितलंस. मग बाहेर येऊन मोठ्याने "ठीक आहे" म्हणालीस, गाडीत बसलीस आणि गेलीस. घोटभर पाणी नाही. माझ्या दारासमोरून गाडी गेली, काच वर.

एका तासात मला दोनदा आपण म्हणालीस. पहिल्यात मी परकी, दुसऱ्यात मी तुझी. एकाच तोंडाने दोन्ही? ठरव काय ते आणि एकदाच म्हण.

शनिवारी व्यापारी येईल आणि घेऊन जाईल. मी आत बसून राहणार आहे. तुझं सर्टिफिकेट तुला लखलाभ. पुन्हा लिहिणार नाही.


२१ सप्टेंबर

चिमणे,

लिहिणार नव्हते. पण रागाने पोट दुखतंय, लिहिल्याशिवाय थांबणार नाही.

व्यापारी आला शनिवारी, पिंजरे घेऊन. त्याच्या आधी शुक्रवारी शिंपी आला होता, तुमच्या ऑफिसचा निकाल हातात फडफडवत. दारातूनच ओरडला, "वहिनी, विकू नका! कोंबड्या विकू नका!" मी म्हटलं, काय झालं, यंत्रात घालायच्यात का?

त्याने वाचून दाखवलं. या वस्तीत यंत्राला पुरेल इतका कचरा तयार होत नाही, सबब यंत्र परत न्यावे. आणि शाळेचं उरलेलं अन्न पूर्वीपासून ज्या ठिकाणी जाते ते ठिकाण 'जैविक प्रक्रिया केंद्र' म्हणून मान्य करण्यात येत आहे. मी विचारलं, ते कुठे आहे? शिंपी म्हणाला, "अहो, तुमचं खुराडं!"

माझं खुराडं केंद्र! सात जन्म विचार केला असता तरी सुचलं नसतं मला. मी एक ओळ मागितली होती गं. साधी. 'कोंबड्यांना खाऊ द्या.' तेवढी लिहायला तुमच्या ऑफिसात शब्दच नाहीत? केंद्र म्हटल्याशिवाय कोंबडीला दाणा मिळत नाही?

व्यापाऱ्याला रिकामे पिंजरे घेऊन परत पाठवलं. भावोजींनी खुराड्याची कडी नवी बसवली. मी म्हटलं, कशाला, जुनी चांगली होती.

ट्रक आला आणि जावयाला घेऊन गेला. निघताना शिंप्याचे डोळे भरून आले होते, पोरगी सासरी जावी तसे. आता त्याने माझ्या खुराड्यावर पाटी ठोकलीय, केंद्राची, हिरव्या रंगात. आणि लोक बघायला आणतो. काल कुठल्या तरी दुसऱ्या वस्तीची माणसं आली, कोंबड्यांबरोबर फोटो काढले. मला म्हणतो, "वहिनी, पाहुणे आले की तो हिरवा कोट घालत जा, मी शिवलाय." मी म्हटलं, कोंबडीला घाला. पण बादली येते. आजच स्वयंपाकीण भिंतीवरून ओरडली, "ए केंद्रवाले, ने गं तुझं!" आणि इतकी हसली की पळी हातातून पडली.

तिला मी सगळं सांगितलं. मला सांगावंच लागलं, तुझ्यावर आग पाखडत होते तर ती विचारणारच ना कोण म्हणून. माझी बहीण, आणि मला सगळ्यांसमोर नाही म्हणाली. तर ती माझ्यावरच डाफरली. "अगं बावळट, बहीण म्हणाली असती तर त्यांनी तिचा निकाल एका मिनिटात बाद केला असता. बहिणीच्या कोंबड्या बहिणीनेच पास केल्या म्हणाले असते. मग दुसरा कोणी आला असता, आणि त्याने कोबी बघून पाठ थोपटली असती शिंप्याची." मी म्हटलं, तिने तसं मला सांगायचं होतं. तर म्हणाली, "तुला? तू आधी शिंप्याला सांगितलं असतंस." मग म्हणाली, म्हणूनच तिने घरचा पत्ता दिला असेल, ऑफिसात तुझं पत्र ताई म्हणून कुणाच्या हातात पडू नये म्हणून.

असेल. मला कळत नाही तुमचं ऑफिस. पण एक कळतं. तू खोटं बोललीस आणि माझ्या कोंबड्या वाचल्या. त्याबद्दल तुझे आभार मानावेत की कान उपटावा हे मला ठरवता येईना, म्हणून दोन्ही करणार आहे, आणि दोन्ही पत्रातून होत नाही.

तेव्हा ये. कार्ड न घालता ये. रविवारी ये, त्या दिवशी तू कोणाची मॅडम नसतेस. शिंप्याला काय सांगायचं ते मी बघते, हवं तर सांगेन की केंद्र बघायला पाहुणी आलीय. अंडी ठेवलीत तुझ्यासाठी वेगळी, आणि ती पोस्टाने पाठवणार नाही, फुटतील. इथे बसून खायची. आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या तोंडाकडे बघून, परत एकदा म्हणून दाखव की माझा तुझा काही संबंध नाही. बघते कशी म्हणतेस.

तुझी कोणी लागत नसलेली,
ताई